सात नंबरची पापणी

मी बी.एस्सी. झालो तेव्हा भातकुलीत आमच्या गल्लीत त्या अक्षरांचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. ठाऊक होतं ते एवढंच की, माळवं विकणाऱ्याचं पोरगं अमरावतीला गेलं, राजापेठेत खोली करून राह्यलं, हातानं भाकरी थापून खाल्ली आणि कॉलेजातून पास होऊन बाहेर पडलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी प्राथमिक शाळेच्या पुढं पाय टाकला नव्हता. हे मी आजही छाती काढून सांगतो. ज्यांच्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या वकिलांच्या पाट्या लागल्या त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. मला वाटतं, म्हणून सांगतो.

आणि एवढं शिकून नोकरी लागली ती घंटीची.

नागपूरला सरकारी खात्यांत अर्ज करून झाले होते. तिथून अर्ज मिळाल्याचं उत्तर यायचं, त्याच्यापुढचं यायचं नाही. शेवटी अकोल्याच्या एका जिन-प्रेसमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, विजेचं काम समजणारा शिकलेला माणूस पाहिजे असं कानावर आलं, म्हणून गेलो. तिथले मॅनेजरसाहेब पुण्याकडचे. धोतर स्वच्छ, मराठी त्याहून स्वच्छ. त्यांनी माझं सर्टिफिकेट उघडलंच नाही. म्हणाले, "विजेची घंटी वाजते कशी, सांगा पाहू." मी त्यांच्याच टेबलावरचा टाक उचलला आणि त्यांच्याच टीपकागदावर चुंबक, पट्टी, टोला, बॅटरी सगळं काढून दाखवलं. टीपकागदावर शाई पसरली, पण मुद्दा कळला.

"वाजवता येईल?"

म्हटलं, "येईल."

"आणि बंद करता?"

"तेही येईल. पण बंद करावी की नाही, हे आधी पाहावं लागेल."

त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं नीट पाह्यलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'पदवीधर' झालो. हा शब्द ते थोडा ताणून म्हणायचे. पहिल्या दिवशी मला तो मान वाटला, दुसऱ्या दिवशी टोमणा वाटला आणि पुढं सवय झाली.

आता ते घंटीचं काम काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ऑफिसच्या माडीवर, खिडकीला लागून, सागवानी लाकडाची काचेची पेटी भिंतीवर ठोकलेली होती. विलायतेहून आलेली, तिला सगळे बोर्ड म्हणायचे. तिच्यात पितळेची लहान लहान पाती ओळीनं बसवलेली. प्रत्येक पातं एका आकड्यावर अडकवलेलं आणि प्रत्येकामागं एक चुंबक. जिनात जेवढी गोदामं तेवढी पाती. प्रत्येक गोदामाच्या छताला दोन धातू जोडून केलेली एक पट्टी असायची. खाली आगीची धग लागली की ती पट्टी वाकायची आणि समोरच्या स्क्रूला टेकायची. टेकली की वीज तारेतून माझ्या पेटीत यायची, चुंबक आकडा ओढायचा, पातं टपकन खाली पडायचं आणि मागं लाल रंगावर पांढरा नंबर दिसायचा. त्याच क्षणी जिनाच्या छपरावरची मोठी घंटी सुरू व्हायची. मी पातं हातानं वर करून अडकवेपर्यंत ती थांबायची नाही. नियम असा होता की, कोणी जाऊन गोदाम पाहून आल्याशिवाय पातं वर करायचं नाही आणि घंटी वाजत असताना बोर्डासमोरून हलायचं नाही. कारण शेजारचं दुसरं पातं पडलं तर आग पसरली असं समजायचं, आणि ते पाहायला तिथं माणूस पाहिजे.

बोर्डाखाली काचेच्या बरण्यांत नवसागराच्या पाण्याची बॅटरी होती. तिचं पाणी पाहणं, तारा पुसणं, पाती साफ ठेवणं, हे माझं रोजचं. आणि रोज संध्याकाळी एक कळ दाबून घंटी तपासून पाहायची, एकच लांब टोला. छपराखालचं एवढं मोठं कापसाचं घर, आणि त्याचा जीव माझ्या बोटापाशी. मला नोकरी आवडली, खोटं कशाला बोलू.

गावात मात्र बभ्रा वेगळाच झाला. भातकुलीत घंटी वाजवणारा माणूस एकच, तो म्हणजे शाळेचा शिपाई. त्यामुळं मी घंटीवर लागलो ही बातमी बाजारात पोचली ती अशी, की भाजीवाल्याचं पोरगं एवढं शिकून शेवटी शाळेतल्या शिपायाचं काम करून राह्यलं. बाबा वांग्याच्या टोपल्यापाशी बसून हे ऐकत. ऐकून घेणाऱ्यातले ते नाहीत. पण मी नेमकं काय करतो हे त्यांनाच माहीत नव्हतं, तर भांडणार कशाच्या जोरावर?

माझी खरी अडचण दुसरी होती. बोर्ड आला तो दसऱ्याच्या आधी. तेव्हा अकोल्यात जे ऊन पडतं ते ज्यानं विलायतेत ती पट्टी घडवली त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात भर दुपारी, पत्र्याचं छप्पर तापलं आणि रिकाम्या गोदामांची पाती टपाटप पडायला लागली. घंटी बोंबलते आहे, लोक धावताहेत आणि आत पाहावं तर उंदीरसुद्धा नाही. मी शिडी लावून प्रत्येक पट्टीचा स्क्रू थोडा थोडा मागं घेतला. पुन्हा तसं झालं नाही. पण मॅनेजरसाहेबांचा विश्वास उडाला होता. ते म्हणाले, "हे पाहा पदवीधर, हंगाम संपेपर्यंत मी थांबतो. हा बोर्ड कामाचा निघाला तर ठेवू. नाही तर बोर्ड मुंबईला परत आणि तुम्ही भातकुलीला परत."

तर अख्खा हंगाम मी असा काढायचा होता. घंटी खोटी वाजली तरी गेलो, आणि खरी वाजायची वेळ आली तेव्हा उपयोगी पडली नाही तरी गेलो.

बोर्ड यायच्या आधी आगीची वर्दी द्यायला अंगणातल्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. वऱ्हाडातल्या कोणत्याही जिनात जा, असा रूळ असायचाच. तो बडवला की आग, हे तिथं राबणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं. रात्री झोपेतून उठलेला माणूससुद्धा रुळाचा आवाज ऐकून आधी बादली शोधायचा, मग पायताण. मॅनेजरसाहेबांनी हुकूम काढला की आता घंटी आली, रुळाला हात लावायचा नाही. घंटी नवी होती. तिचा अर्थ अजून कोणाच्या अंगात उतरला नव्हता. ती जागा रिकामी होती, आणि ती भरली भज्यांनी.

त्याचं असं झालं. त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला, कापसाच्या धामधुमीत. आमच्या जिनात काम करणारी बरीच माणसं मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. त्यांत फाटकावरचे जमादार. वय झालेलं, दाढी मेंदीनं लाल, आवाज असा की कापसाच्या गाड्यांचे बैलसुद्धा रांगेत उभे राहत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. रोजा लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते माडीवर आले, बोर्डासमोर उभे राहिले आणि पितळेच्या पात्यांकडं पाहून म्हणाले, "ह्या पापण्या लई सुंदर हाय बाबू. झोपत नाईत ना कदी?" म्हटलं, नाही झोपत. मग खरी गोष्ट निघाली. जिनाच्या यंत्रांच्या घरघरीत मशिदीची अजान आत कोणालाच ऐकू येत नव्हती. दिवसभर पाणीसुद्धा न प्यालेली माणसं रोजा सोडायची वेळ झाली की नाही हे पाहायला सारखी दारापाशी येत आणि मुकादम त्यांच्यावर ओरडत. चाचांचं म्हणणं साधं होतं. मी रोज संध्याकाळी घंटी एकदा वाजवतोच. ती थोडी इकडंतिकडं करून नेमकी रोजा सोडायच्या वेळेला वाजवली तर कोणाचं काय बिघडतं?

मलाही दिसेना कोणाचं बिघडतं ते. उलट घंटी नुसती वाजण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी वाजते आहे, हे बरंच. रीत ठरली. पलीकडच्या मशिदीच्या मिनारावर दिवा लागला की चाचा फाटकातून हात वर करायचे आणि मी माडीवरून कळ दाबायची. कधी धुळीत त्यांना दिवा दिसला नाही, तर माझी खिडकी उंचावर होती. मी पाहायचं आणि मीच वाजवायचं.

चार दिवसांत ती घंटी जिनाची राहिलीच नाही. तिचा आवाज नदीपार जायचा. जुन्या शहरातल्या काठच्या गल्ल्यांतल्या बायासुद्धा खजूर हातात घेऊन आमच्या टोल्याची वाट पाहायला लागल्या. इकडं जिनात रोजा सोडणाऱ्यांच्या बरोबर कापूस निवडणाऱ्या आमच्या बायाही जमायच्या. त्यांचा रोजा नव्हता, पण कांद्याची भजी होती. त्यांतली एक मला खालून ओरडून सांगायची, "बाबू, आज जरा लवकर वाजवा, भजे थंडे होऊन राह्यले." माझ्यासाठी एक ताटली रोज माडीवर यायची. मी आयुष्यात एवढा खजूर आधी खाल्ला नव्हता, आणि नंतरही नाही.

अशात बाबा आले. कोणाच्या तरी कापसाच्या गाडीवर बसून, वांगी आणि सांबाराच्या जुड्या घेऊन. तिकडे कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. हे पुण्याकडच्यांना समजावून सांगावं लागतं, मॅनेजरसाहेबांनाही लागलं होतं. बाबा फाटकातून आत शिरले आणि अर्ध्या जिनाला कळलं की बोर्डबाबूचा बाप आला. मी त्यांना माडीवर नेलं, बोर्ड दाखवला. पट्टी, तार, चुंबक, चाचांच्या त्या पापण्या, सगळं समजावून सांगितलं. कॉलेजात परीक्षेला दिलं नसेल एवढं सविस्तर उत्तर दिलं. बाबांनी ऐकून घेतलं, पात्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हंजे आग लागली की तू घंटी वाजवतं."

"मी नाही वाजवत बाबा. ती आपोआप वाजते."

"मग तू काहून पाह्यजे?"

मी म्हटलं, संध्याकाळी पाहा. संध्याकाळी रोजाची घंटी असते, ती मी वाजवतो. हे सांगून मी आणखीच खाली उतरलो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. वेळ सांगायला घंटी वाजवणारा तो शिपाईच, या त्यांच्या हिशेबात आता काही शंका राह्यली नाही. ते खिडकीपाशी स्टुलावर बसले आणि तंबाखू मळायला लागले.

सूर्य अजून मावळला नव्हता. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या खुरांनी धूळ अशी उठलेली की नदीपलीकडचं काही दिसत नव्हतं. खाली पानांच्या पत्रावळ्यांवर भजी मांडून झाली होती. मी बाबांना बरणीतलं नवसागराचं पाणी दाखवत होतो, आणि टपकन आवाज आला.

सात नंबर.

छपरावर घंटी सुरू झाली. मी आधी उन्हाकडं पाह्यलं, पत्रा तापेल एवढं ऊन नव्हतं. स्क्रू मीच बसवलेले. म्हणजे खरंच काहीतरी आहे. सात नंबर म्हणजे प्रेसच्या पाठीमागचं गोदाम. नुकत्याच बांधलेल्या गाठी रचून कुलूप लावलेलं. मी खिडकीतून खाली वाकलो आणि ओरडलो, "सात नंबर! सातमध्ये आग!"

खाली लोक खजूर खात होते.

घंटीचा पहिला ठणका पडला तसं सगळ्यांनी बिसमिल्ला करून तोंडात घास घातला होता. चाचांना धुळीत दिवा दिसत नव्हता, त्यांना वाटलं बाबूनं वरून पाह्यलं. ठरल्याप्रमाणंच होतं ते. माझा आवाज घंटीच्या ठणठणाटात आणि यंत्रांच्या घरघरीत कोणाला ऐकू येईना. मी हातवारे केले, तर खालून लोक भजी दाखवून मलाही हात करायला लागले. घंटी थांबत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी काय लावला हे मला मागाहून कळलं. एक मुकादम बाकीच्यांना म्हणाला होता, "बाप आला ना त्याचा. बापाले दाखवून राह्यला वाजवून. वाजवू द्या बिचाऱ्याले."

मी बोर्डाकडं पाहू की खाली, हे मला कळेना. शेजारी आठ नंबर होतं, त्यात सरकी भरलेली. आठ पडलं असतं तर सगळं संपलं. नियम होता, बोर्ड सोडायचा नाही. आणि बोर्ड सोडला नाही तर खाली कोणाला कळणार नाही. मग माझी नजर कडुनिंबावर गेली.

"बाबा, खाली जा. त्या झाडाचा रूळ बडवा."

बाबांनी का म्हणून विचारलं नाही. उठले, तंबाखू तशीच मुठीत, आणि जिना उतरले. मी आयुष्यात त्यांना पळताना पाह्यलं ते तेवढंच. रुळाखाली पडलेला लोखंडी दांडा त्यांनी उचलला आणि असा बडवायला लागले की झाडावरची पाखरं उडाली.

आता पाहा गंमत. तीच माणसं, तीच जागा. रुळाचा पहिला ठोका पडला आणि भज्यांच्या पत्रावळ्या उधळल्या. कोणी बादली घेतली, कोणी रेतीचं टोपलं, मुकादमानं यंत्रं बंद करायला लावली. चाचा तोंडातला खजूर गालात धरूनच किल्ल्यांचा जुडगा घेऊन पळाले. सात नंबरचं कुलूप उघडलं तेव्हा आतून धूर बाहेर पडला. गाठींच्या थप्पीच्या पोटात एक गाठ धुमसत होती. कापसात एखादा दगड येतो, यंत्रात ठिणगी पडते आणि ती रुईच्या आत दडून बसते, बाहेरून काही दिसत नाही. त्यांनी ती गाठ आकड्यांनी ओढून अंगणात आणली, फोडली आणि पाण्यानं चिंब केली. मी वर आठ नंबरच्या पात्याकडं डोळे लावून उभा. ते पडलं नाही. खालून हात वर झाला तेव्हा मी सात नंबर उचलून अडकवलं आणि घंटी थांबली.

आणि अख्ख्या हंगामात पहिल्यांदा, यंत्रं बंद असल्यामुळं, नदीपलीकडून अजान ऐकू आली. साफ, शब्द न्‌ शब्द.

चाचा अंगणात पाण्याच्या थारोळ्यात उभे होते. त्यांनी मिनाराकडं पाह्यलं, मग हातातल्या खजुराच्या बीकडं. त्यांच्या मागं उभे असलेले सगळे आपापल्या तोंडाला हात लावून बघायला लागले. रोजा सोडायची खरी वेळ आत्ता झाली होती. एवढं पाप घडलं असं वाटण्याइतकी गंभीर वेळ होती, पण पहिल्यांदा हसले तेही चाचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मला, चाचांना, आणि बाबा गाडीची वाट पाहत होते म्हणून त्यांनाही. साहेबांचा मुद्दा सरळ होता आणि मला तो मनातून पटतही होता, हेच वाईट. घंटी खरी वाजली, तरी एक माणूस हलला नाही. रूळ वाजला तसे सगळे धावले. मग हा विलायती बोर्ड कशाला पोसायचा? आगीच्या घंटीवर लोकांना भजी खायला शिकवलं ते कोणी, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. लपवण्यासारखं काही नव्हतं. माणसांच्या उपयोगाला आली म्हणून वाजवली, आणि वेळ पुन्हा आली तर त्या माणसांसाठी पुन्हा काहीतरी करीन, फक्त या घंटीनं नाही. चाचा मध्ये पडून म्हणाले की घंटीचा काय गुन्हा, तिले भज्याची आमीच करून टाकली.

साहेब ऐकेनात. "रूळ पुरेसा आहे," म्हणाले. मग बाबांकडं वळले. "काका, रूळ तुम्ही वाजवलात ना? आग कुठून दिसली तुम्हाला?"

बाबा दाराशी उभे होते, डोक्याचा पटका हातात. म्हणाले, "मले कोठं दिसली साहेब."

"मग धूर दिसला असेल."

"धूर नोता. कुलूप उघडलं तवा धूर निंगाला. मले पोरानं सांगतलं."

"आणि मुलाला?"

बाबांनी माडीच्या दिशेला हात केला. "त्याले त्या पापणीनं सांगतलं. आमी दोघं वर बसून होतो, खाली एवढी माणसं होती. कोनाले काही दिसलं नाई. रुळाले तर डोळेच नाईत साहेब, त्याले कोणी सांगतल्याबिगर तो कसा वाजन?"

मॅनेजरसाहेबांनी टेबलावरचा टीपकागद पुढं ओढला. तोच तो, शाई पसरलेला, माझं चित्र अजून त्यावर होतं. मग म्हणाले, "ठीक आहे. हंगाम पुरा होऊ द्या. पण आग आणि भजी एका घंटीवर चालणार नाहीत."

त्याची तोड मी रात्रीच काढून ठेवली होती. यंत्रांच्या आवाजात कान बंद होतात, डोळे होत नाहीत. मी इंजिनघराच्या डोक्यावर, नदीच्या बाजूनं, एक हिरवा दिवा लावला आणि जिनाच्या आत दुसरा. दोघांची कळ माझ्या बोर्डाशेजारी. चाचांनी हात वर केला की दिवा लागायचा, आणि घंटीची तपासणी गेली सकाळी, लोक कामाला यायच्या वेळेला. शिवाय हुकूम निघाला की घंटी वाजली की फाटकावरच्या माणसानं रूळही बडवायचा. त्यामुळं रूळ काय सांगतो हे माहीत असणाऱ्यांना हळूहळू घंटी काय सांगते हेही कळलं. दोन-तीनदा मी मुद्दाम खोटी घंटी वाजवून पाह्यली. आता खजुराकडं कोणाचा हात जाईना. भजी मात्र माडीवर येत राह्यली. त्यांचा घंटीशी काही संबंध नव्हता असं तेव्हा कळलं.

राह्यला तो चुकीनं सोडलेला रोजा. चाचा मौलवींना विचारून आले. ते म्हणाले, जाणूनबुजून केलं नाही, चूक झाली, तेव्हा ईदनंतर प्रत्येकानं एक रोजा भरून द्यायचा. आता हा रोजा ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं केव्हाही ठेवावा अशी रीत. पण जिनातल्या लोकांनी आणि काठच्या गल्ल्यांनी मिळून ठरवलं की, चूक सगळ्यांची एकदम झाली, तर भरपाईही एकदमच. त्या दिवशी मीही काही खाल्लं नाही. कोणी मला सांगितलं नव्हतं, चाचांनी तर हसून सोडलं. पण त्या सगळ्यांच्या तोंडात वेळेआधी घास घातला तो माझ्या घंटीनं, आणि हे मी दुसऱ्या कोणाला फेडू देणार नव्हतो. दुपारनंतर डोकं चढलं. पाणी नाही म्हणजे काय, हे आम्हा एकादशीला शेंगदाणे खाणाऱ्यांना कळत नाही. संध्याकाळी मीच कळ दाबली. रमजान संपूनही हिरवा दिवा लागला, म्हणून मॅनेजरसाहेब ऑफिसातून बाहेर आले आणि विचारायला लागले. चाचा म्हणाले, "सात नंबरचा रोजा हाय साहेब." आणि त्यांच्याही हातात एक पत्रावळ दिली. साहेबांनी आधी इकडंतिकडं पाह्यलं, मग एक भजं उचललं, मग दुसरं.

बाबा गावी पोचले ते वेगळेच होऊन. बाजारात कोणी म्हणालं की पोरगं घंटी वाजवते ना अजून, तर ते वांगं तोलता तोलता सांगायचे, "शाळेतला शिपाई घंटी वाजवते. माह्या पोराले घंटी सांगते. फरक हाय." हे मला गावच्या एका गाडीवाल्यानं येऊन सांगितलं. तेव्हा मला बाबांच्या त्या बोर्डासमोरच्या प्रश्नाचं, मी काहून पाह्यजे याचं, उत्तर मिळालं. ते बाबांनीच काढलेलं.

हंगाम संपला. गाड्यांची रांग आटली, यंत्रांना तेल लावून कापड घातलं गेलं, मुकादम आपापल्या गावाला निघाले. साहेबांनी मला बोलावलं नाही. मी वाट पाहून पाहून शेवटी आपणच गेलो. ते कसला तरी तक्ता तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "पदवीधर, पावसाळ्यात त्या माडीला फार ओल येते. बोर्डाच्या पेटीमागं कापूर आणि कडुनिंबाचा पाला ठेवत जा. पात्यांना कळंक चढता कामा नये."

मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आलो. अंगणात कडुनिंबाखाली चाचा बसले होते. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, कापूर आणायला चाललो. ते उठले आणि म्हणाले की कापूर जुन्या शहरात चांगला मिळतो, ते दुकान त्यांच्या ओळखीचं आहे, आणि आम्ही दोघं पूल उतरून गेलो.